इंग्रजीत ‘पटत नाही’ कसं लिहायचं? डिफर, डिसअ‍ॅग्री, ऑब्जेक्ट, डिसेंट, डिस्प्यूट…

अवंतिका_इंदूर

मंडळी, कामातला प्रश्न आहे, थट्टा नंतर करा.

मी पीथमपूरला एका औषध कंपनीत क्वालिटीत आहे. दरवर्षी नवी मुलं येतात. बी.फार्म., एम.एस्सी. झालेली, प्रयोगशाळेत हात साफ, पण परदेशी ग्राहकाला ‘तुमचं म्हणणं आम्हाला पटत नाही’ एवढंच लिहायचं असलं की गाडी अडते. परवाचंच घ्या. ग्राहकाच्या प्रयोगशाळेत आमच्या एका बॅचमधलं ओलाव्याचं प्रमाण मर्यादेच्या वर आलं. आमच्याकडे तेच मर्यादेत होतं. आमच्या मुलानं उत्तर धाडलं, ‘वुई डिस्प्यूट युअर रिझल्ट.’ त्याला म्हणायचं होतं की आमचा आकडा वेगळा आलाय, दोघं मिळून बघू. दुसऱ्या दिवशी तिकडून मेल, त्यांच्या कायदा विभागाला सीसी करून: करारातलं वादाचं कलम तुम्ही लावताय असं समजायचं का? तसं असेल तर राखीव नमुना कुठल्या तटस्थ प्रयोगशाळेकडे पाठवायचा ते कळवा, आणि जो चुकीचा ठरेल त्यानं खर्च द्यायचा. पोरगं पांढरंफटक पडलं.

साहेबांनी आता मला नव्या मुलांसाठी एक पान लिहायला सांगितलंय: कुठला शब्द कधी. शब्दकोश उघडावा तर सगळ्यांपुढे मतभेद, असहमती, विरोध हेच तिघे आळीपाळीनं बसलेले. म्हणून मी एक शिडी केली, सौम्यापासून कडकापर्यंत. डिफर, डिसअ‍ॅग्री, ऑब्जेक्ट, डिसेंट, डिस्प्यूट आणि सगळ्यात वर क्वारल. बरोबर आहे का?

राजवाडा_भिया

पहिला!

ताई, वर अजून एक पायरी जोडा. रात्री दहाला सराफ्याच्या तोंडाशी गाडी लावण्यावरून जे चालतं ते. त्याला गोऱ्यांकडे शब्द नसणार.

वकीलकाका

भिया, आहे की. अफ्रे. दोघांनी किंवा अधिक जणांनी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग केली की अफ्रे. दंड संहितेत कलम १५९ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत १९४ झालं. दंड शंभर रुपयांचा हजार झालाय, तेव्हा गाडी जरा लांबच लाव. नुसत्या शिव्या दिल्यास तर अफ्रे होत नाही, आणि घरात दार लावून हाणामारी केलीस तरी होत नाही.

अवंतिकाताई, तुमची शिडी मला मान्य नाही, आणि कारण या भियाच्या अफ्रेतच आहे. तुम्ही शब्द तापमानानं लावलेत. इंग्रजीत, निदान कामाच्या इंग्रजीत, हे शब्द कुठे उभे राहून बोलताय त्यावरून बदलतात. अफ्रेला सार्वजनिक जागा लागते. ऑब्जेक्शनला एखादा नियम लागतो, ज्याच्या आधारे तुम्ही ‘हे चालणार नाही’ म्हणता. डिसेंटला आधी एक बहुमत लागतं. आणि डिस्प्यूटला लागतो समोरच्याचा नकार. ग्राहक संरक्षण कायद्यातली व्याख्या बघा: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो ती नाकारेल तेव्हाच कन्झ्युमर डिस्प्यूट. दुकानदार म्हणाला ‘हो, फ्रिज खराबच निघाला’, तर तुमच्याकडे तक्रार आहे, पण डिस्प्यूट नाही.

तुमच्या पोरानं आवाज मुळीच चढवला नव्हता. त्यानं शांतपणे एक दार उघडलं आणि पलीकडे कायदा विभाग बसलेला निघाला.

सयाजीगंज

वकीलकाकांना +१. शांत डिस्प्यूटचा नमुना हवा असेल तर तुमचा-आमचाच आहे. नर्मदेचं न्यायाधिकरण १९६९ साली बसलं, निवाडा १९७९ला. दहा वर्षं! मध्य प्रदेशला १८.२५ दशलक्ष एकर-फूट पाणी, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव. एवढ्या काळात कुणी कुणाची कॉलर धरली नाही, कागदांचे गठ्ठे तेवढे इकडून तिकडे गेले. कायद्याच्या नावातच वॉटर डिस्प्यूट्स आहे. तुमच्या शिडीवर हे क्वारलच्या लगेच खाली बसतं, आणि ते काही खरं नाही.

वडोदऱ्याहून शुभेच्छा. पाणी गोड आहे :)

राजवाडा_भिया

गोड असणारच, आमच्याकडून येतंय. आम्हाला जलूदहून डोंगर चढवून वर आणावं लागतं, तुमच्याकडे उतारानं जातं.

लष्करवाला

सुरू झालं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

निवृत्त_बाई

आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

वकीलसाहेबांचं म्हणणं कचेरीत खरं आहे. पण सगळी इंग्रजी कचेरीत राहत नाही. तापमान आहेच, फक्त ते दुसऱ्या गटातल्या शब्दांत आहे. बिकर, स्क्वॉबल, टिफ, स्पॅट, क्वारल, रो. यांना नियम नको, बहुमत नको, करार नको. यांना नातं लागतं. क्वारल करायला आधी थोडी ओळख असावी लागते, किंवा निदान दोघं एकाच खोलीत तरी असावे लागतात. ऑडिटरशी तुम्ही डिसअ‍ॅग्री कराल, क्वारल केलंत तर तुमच्या संस्काराबद्दल बोललं जाईल. म्हणून तो शब्द शिडीवरून काढाच, तो तुमच्या पानावर शोभत नाही.

या गटातले फरक मजेचे आहेत. बिकरिंग थांबत नाही, ते चालूच असतं. कपाटाचं दार उघडं का ठेवलंस, चहात साखर का घातलीस. आपली कुरबुर अगदी तीच. स्क्वॉबल म्हटलं की वाद क्षुल्लक आणि वागणं पोरकट हे त्यातच आलं, म्हणून कुणी स्वतःच्या भांडणाला तो शब्द लावत नाही, दुसऱ्याच्याच लावतं. टिफ म्हणजे रुसवाफुगवा, संध्याकाळपर्यंत मिटणारा. ऑल्टरकेशन हा पोलिसांच्या आणि वार्ताहरांच्या तोंडचा शब्द, बाचाबाची. घरी येऊन कुणी ‘आज माझं ऑल्टरकेशन झालं’ म्हणत नाही. आणि रो! ब्रिटिश इंग्रजीत भांडणाचा ‘रो’ हा ‘काउ’सारखा उच्चारतात, ‘राउ’. वर्तमानपत्रांचा तो लाडका, कारण अक्षरं तीन आणि मथळ्याला जागा कमी. दोन देशांच्या सीमेवरून शतकभर चाललेलं प्रकरण आणि नाटकाच्या पोस्टरवरून झालेली चकमक, दोन्ही मथळ्यात ‘रो’च. मथळे वाचून शब्दांचं वजन शिकू नका, असं मी वर्गात दरवर्षी सांगत असे.

लष्करवाला

बाई, भाऊबंदकीला काय म्हणाल? ग्वाल्हेरला आमच्या वाड्यात तीन पिढ्या चालू आहे.

निवृत्त_बाई

फ्यूड जवळचा आहे. पिढ्यान् पिढ्या चालतो, मूळ कारण विसरलं जातं, हे जुळतं. पण फ्यूडमध्ये दोन घराणी समोरासमोर असतात. भाऊबंदकीत एकच घराणं, एकच विहीर, आणि श्राद्धाला सगळे एकाच पंगतीला. ते इंग्रजीत एका शब्दात मावत नाही.

लष्करवाला

पंगतीला आमच्याकडे दोन आचारी असतात. बाकी जुळतंय.

अजून_एक_सीए

धागाकर्तीनं ‘डिस्प्यूट’ला बागुलबुवा केलाय, त्याला माझी हरकत.

कधी कधी तोच शब्द वेळेत लिहावा लागतो. दिवाळखोरी संहितेत, पुरवठादारानं मागणीची नोटीस पाठवली की कंपनीला दहा दिवस मिळतात: पैसे भरा, नाहीतर डिस्प्यूट आहे हे दाखवा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं मोबिलॉक्सच्या खटल्यात सांगितलं की हा डिस्प्यूट नोटीस येण्याआधीपासून असायला हवा, आणि तो नुसता देखावा नसावा. आता विचार करा. माल खराब आला म्हणून तुम्ही आधी चार गोड मेल लिहिलेत, ‘वुई हॅव सम कन्सर्न्स’, ‘काइंडली लुक इन्टू धिस’. नोटीस आली. तुम्ही म्हणता आमचा वाद होता. समोरचा म्हणतो, कुठे? तुम्ही तर काळजी व्यक्त केली होती. सौम्य लिहिणं दरवेळी स्वस्त पडत नाही.

आमच्या धंद्यात तर ‘पटत नाही’ म्हणायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, ऑडिटिंग मानक ७०५. हिशेबात चूक मोठी आहे पण एका कोपऱ्यात आहे, तर क्वालिफाइड ओपिनियन: ‘एवढं सोडून बाकी ठीक’. चूक सगळीकडे पसरलेली, तर अ‍ॅडव्हर्स. पुरावाच मिळाला नाही आणि परिणाम मोठा आणि सगळीकडे पसरलेला असू शकतो, तर डिस्क्लेमर, म्हणजे आम्ही मतच देत नाही. सियागंजातल्या एका जुन्या अशिलाला अहवाल दिला तर पहिलं पान बघून खूश, मुलाला हाक मारून म्हणतात, ‘बघ, आपले हिशेब क्वालिफाइड आहेत!’ मिठाई मागवायच्या आत सांगावं लागलं.

राजवाडा_भिया

हाहाहा. डिस्क्वालिफाइड झाले असते तर बरं झालं असतं म्हणायचं.

नाना_रामबाग

हरकतीवरून आठवलं. सोसायटीत मी कागदावर मराठीत लिहिलं, ‘ना हरकत दाखला हवा’. सचिव हिंदीभाषी. म्हणाले, ‘नानाजी, आपकी तो कोई हरकत हमने देखी नहीं, दाखला किस बात का?’ तेव्हापासून मी अनापत्ति लिहितो.

वकीलकाका

नानासाहेब :) पण त्यात एक बारकावा आहे. नो ऑब्जेक्शन म्हणजे संमती नव्हे. बँकेनं एनओसी दिली म्हणजे घर विकायला बँक आनंदानं तयार आहे असं नाही, ती आडवी येणार नाही एवढंच. ऑब्जेक्शन नसणं आणि अ‍ॅग्री असणं यांच्या मधल्या पट्ट्यात अर्धं सरकार चालतं. नगर नियोजनाचा मसुदा निघतो तेव्हाही लोकांकडून आपत्ती, म्हणजे हरकती, आणि सूचना मागवतात. संमती कुणी मागत नाही.

निखिल_आयटी

आमच्याकडे अ‍ॅमेझॉनचं एक तत्त्व मॅनेजर लोक उठता-बसता सांगतात, ‘डिसअ‍ॅग्री अँड कमिट’. म्हणजे बैठकीत काय ते बोल, निर्णय झाला की मनापासून त्याच कामाला लाग. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात डिसअ‍ॅग्री करायला दोन मिनिटं मिळतात आणि कमिट करायला दोन रविवार.

हे डिसेंट झालं का काका?

वकीलकाका

नाही. डिसेंटची गंमत अशी की निर्णय तुमच्याविरुद्ध गेल्यावरही तुमचं म्हणणं नोंदीत राहतं. तुमच्या तत्त्वात ते बैठकीतच विरतं.

मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना न्यायालयात दाद मागता येईल का, हा प्रश्न. आपल्या उच्च न्यायालयानं ‘येईल’ म्हटलं, सरकार वर गेलं, आणि खटल्याला नाव पडलं एडीएम (अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी) जबलपूर. २८ एप्रिल १९७६. पाच न्यायमूर्तींपैकी चार सरकारच्या बाजूनं. एकटे ह. रा. खन्ना वेगळे. भाषेत कुठे संताप नाही, कुणावर आरोप नाही, मुद्द्यामागून मुद्दा. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला. २०१७च्या ऑगस्टमध्ये खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमताचा तो निकाल चुकीचा ठरवला आणि खन्नांचं म्हणणं उचलून धरलं. ४१ वर्षं तो कागद वाट बघत होता. म्हणून ताई, तुमच्या शिडीवर ‘डिसेंट’ला ‘ऑब्जेक्ट’च्या वर आणि ‘डिस्प्यूट’च्या खाली कोंबलेलं बघून मला कसंसंच झालं.

निकाल मान्य पण कारणं वेगळी असतील, तर त्याला कंकरिंग ओपिनियन म्हणतात. तोही एक मतभेदच आहे, पण मत बहुमताच्या बाजूनं मोजलं जातं.

अजून_एक_सीए

यात कंपनी कायदा अजून पुढे जातो. कलम ११८: संचालक मंडळाच्या इतिवृत्तात ठरावागणिक दोन प्रकारच्या लोकांची नावं लिहायची, ‘डिसेंटिंग’ असलेल्यांची आणि ‘नॉट कंकरिंग’ असलेल्यांची. विरोध करणारा एक, आणि सामील न होणारा दुसरा. बैठकीत मान हलवायची आणि नंतर चहाच्या वेळी ‘मला काही हे पटलं नव्हतं हं’ म्हणायचं, त्या तिसऱ्या प्रकाराची कायद्यानं दखल घेतलेली नाही. मंडळात बहुसंख्य तेच असतात.

राजवाडा_भिया

मंडळात कशाला, आमच्या गणेशोत्सवाच्या कमिटीत या.

सयाजीगंज

अवांतर: वादावरून एक मराठी माणसांना रोज भेटणारा शब्द कुणी काढला नाही. रँग्लर! रँगल म्हणजे हुज्जत घालणं. केंब्रिजला पूर्वी गणिताची परीक्षा तोंडी वादानं होत असे, म्हणून पहिल्या वर्गात येणारे रँग्लर. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय, आणि आपल्याकडे ती पदवी नावापुढे डॉक्टरसारखी चिकटली. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. ‘हुज्जतखोर परांजपे’ असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

निवृत्त_बाई

छान आठवण काढलीत. आणि जयंत नारळीकर तर दोन्ही अर्थांनी. रँग्लरही, आणि महास्फोटाच्या सिद्धान्ताला न मानणारेही. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी शेवटपर्यंत वेगळी मांडणी केली. तिथे डिसेंट हाच शब्द शोभतो, कारण समोर जवळजवळ सगळं क्षेत्र एका बाजूला होतं. निरीक्षणांचे आकडे दोघांकडे तेच, अर्थ लावण्यात अंतर.

अवंतिका, तुझ्या मुलांसाठी एक भारतीय खोड लिहून ठेव. ‘आय हॅव अ डाउट.’ आपल्याकडे शंका विचारणं म्हणजे नम्रपणा. लंडनला वाचणाऱ्याला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहा, निम्मे तंटे मिटतात. आणि उलट बाजूचं: इंग्रज माणसानं ‘रिझर्व्हेशन्स’ आहेत म्हटलं तर आपली मुलं खूश होतात की थोडंसंच आहे. ते थोडंसं नसतं.

वकीलकाका

न्यायालयातही तसंच. ‘विथ रिस्पेक्ट’ म्हटलं तर पुढे साधा मतभेद. ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हटलं तर तुम्ही चुकताय. ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ ऐकलं की समोरचे न्यायमूर्ती चष्मा काढून खाली ठेवतात.

कुणीतरी_नवा

धागा पूर्ण वाचला नाही, पण एवढ्या जिलब्या कशाला? सरळ ‘नो’ लिहावं.

राजवाडा_भिया

भिया, इंदूरच्या धाग्यावर येऊन जिलबीला नावं ठेवतोस? पोहे परत कर.

निखिल_आयटी

@अवंतिका, त्या ओलाव्याचं काय झालं ते सांग. तिथे अडकलोय मी.

अवंतिका_इंदूर

सगळ्यांना उशिरानं उत्तर देतेय, ऑडिटचा आठवडा होता.

निखिल, ऐक. आम्ही कलम लावत नाही, फक्त पद्धत विचारतोय असं कळवलं. निघालं असं की आम्ही कार्ल फिशर पद्धतीनं मोजलं होतं, त्यात फक्त पाणी मोजलं जातं. त्यांच्या नव्या विश्लेषकानं नमुना तापवून वजन किती घटतं ते बघितलं होतं. त्यात पाण्याबरोबर उरलंसुरलं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, तोही उडतो, मग आकडा जास्तच येणार. करारात कार्ल फिशरच लिहिलंय. त्यांनी पुन्हा मोजलं, मर्यादेत आलं. तटस्थ प्रयोगशाळेला पोस्टाचं तिकीटही लागलं नाही.

पानाबद्दल: काका, शिडी मोडली. क्वारल काढलं, डिसेंटही काढलं, कारण आमच्या मेलमध्ये बहुमत वगैरे काही नसतं. आता पहिला नियम असा की आकडे जुळत नसतील तर वाक्याचा कर्ता आकडा ठेवायचा, ‘वुई’ नाही. ‘आवर रिझल्ट डिफर्स फ्रॉम युअर्स’, सोबत पद्धत, उपकरण, तारीख. डिफर हे वस्तूही करू शकतात, डिसअ‍ॅग्री म्हटलं की माणसं आली. निष्कर्षच पटत नसेल तेव्हा डिसअ‍ॅग्री, आणि त्याच वाक्यात कारण. ऑब्जेक्ट फक्त तेव्हा, जेव्हा करारातल्या कुठल्या ओळीविरुद्ध आहे ते दाखवता येईल. डिस्प्यूट लिहायच्या आधी क्वालिटी प्रमुख आणि कायदा विभागाला विचारायचं. डाउटचं बाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं घातलंय.

निवृत्त_बाई

‘डिफर्स फ्रॉम’ बरोबर. ‘डिफर्स विथ’ आकड्याला चालत नाही, ते माणसाशी. मुलं हमखास चुकवतील, ठळक कर.

वकीलकाका

आता मान्य. फक्त विचारायला किती दिवस हे लिहा. कलमात मुदत असते, आणि विचारत बसले तर ती निघून जाते.

अजून_एक_सीए

हेच मी वर म्हणत होतो. डिस्प्यूटच्या ओळीखाली अजून एक ओळ हवी: ‘माल खरंच खराब असेल तर पहिल्याच मेलमध्ये स्पष्ट लिहा.’ नाहीतर मुलं भिऊन वर्षभर कन्सर्न्स लिहीत बसतील. ती ओळ नसेल तर या पानाला माझा पाठिंबा नाही.

अवंतिका_इंदूर

आमच्याकडे खरेदीची मुलं वेगळी आहेत, हे पान क्वालिटीचं. मुदतीचं घालते. तुमच्या ओळीचं साहेबांना विचारते, पण आज पान जायचंय. तोपर्यंत इतिवृत्तात लिहू? अजून_एक_सीए, नॉट कंकरिंग.

अजून_एक_सीए

डिसेंटिंग लिहा.